चोवीस खणांतले लाल ठिपके

मित्रांनो, मला चोवीस पोटं आहेत म्हणून खादाड समजू नका हं! मी एक जुनं सागवानी कपाट आहे. १९७१ साली नाशिकला द्वारका भागातल्या धोंडीराम मिस्त्रींनी मला घडवलं आणि शहराबाहेरच्या एका कांदा संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात आणून बसवलं. माझ्या खणांत पुस्तकं नसतात, पंज्याएवढी कार्डं असतात. मासिकांत आलेल्या एकेका लेखाचं एकेक कार्ड, आणि ज्या विषयाचा लेख त्याच विषयाच्या खणात. कांद्याचा खण, बटाट्याचा, कोंबड्यांचा, रेशमाचा, बांधकामाचा, असे चोवीस.

ग्रंथपाल विमलाबाई शिस्तीला भारी कडक. भलत्या खणात कार्ड दिसलं की शिपाई पुंजाची हजेरी घ्यायच्या. पुंजा वणीकडचा. "बाई, कपाटाला बी दम खाऊ द्या की," म्हणायचा आणि दर शनिवारी माझं अंग पुसायचा. माणूस लाखमोलाचा, फक्त खण लावायचा धाडकन.

केंद्रात डॉक्टर जयराम पगारे काम करत. सिन्नरकडच्या खेड्यातून शिकून वर आलेले. साठवलेल्या कांद्याखालून वारा कसा खेळवला म्हणजे कांदा सडत नाही, हे ते शोधत. त्यासाठी मागच्या आवारात त्यांनी कांदा साठवायची बांबूची चाळ उभारली होती. एकेका निबंधापायी दोन-दोन उन्हाळे कांद्यात नाक खुपसून बसायचे, त्यामुळे चौदा वर्षांत निबंध झाले अवघे नऊ.

आता शास्त्रज्ञांची शाबासकी कशी असते, ठाऊक आहे? कुणी तुमच्या कामाचा आधार घेतला, की तो आपल्या लेखाच्या शेवटी तुमचं नाव छापतो. असं केंद्रातल्या कुणाचं नाव दिसलं की विमलाबाई त्या लेखाच्या कार्डावर त्याच्या रंगाचा ठिपका देत; पगारेंचा लाल. डॉक्टर रोज सकाळी माझा कांद्याचा खण उघडून ठिपके मोजत. वर्षानुवर्षांचे मिळून चार! "आपलं कुणी वाचत नाही," असं मनाशीच पुटपुटत ते खण लावून निघून जात. मला फार वाईट वाटे. कपाटाला तोंड का नाही दिलं मिस्त्रींनी!

१९८५ साली विभागप्रमुखाची जागा निघाली. केंद्रातल्याच दुसऱ्या उमेदवाराचे निबंध होते साठ. डॉक्टर मागे पडले तर त्यांची बदली ठरलेलीच होती, आणि त्यांच्यामागे चाळ मोडून तिथे गाड्या लावायची जागा करणार, अशी कुजबुज होती.

निवडीसाठी पुण्याहून एक साहेब आले. घाईत होते. थेट ग्रंथालयात येऊन म्हणाले, "पगारे, तुमच्या कामाचा आधार कितीजणांनी घेतलाय? मला अर्ध्या तासात निघायचंय."

डॉक्टरांनी सवयीने कांद्याचा खण ओढला. "चार," ते खाली मान घालून म्हणाले. साहेबांनी वही उघडली.

"थांबा साहेब!" विमलाबाई उठल्याच. "बाकीचे खण कुणी बघायचे?"

"कांद्याचं काम दुसऱ्या खणात कशाला असेल?"

"कोंबड्यांच्या खणात बी लाल ठिपके हायेत साहेब," पुंजा म्हणाला. "म्याच लावतो ना कार्डं!"

"म्हणजे कोंबड्या कांद्यावर लिहितात की काय?" साहेब हसले.

विमलाबाईंनी पदर खोचला. अहो, काय सांगू! दोघांनी मिळून माझी सगळी पोटं टेबलावर रिकामी केली. कुणी उबवणीच्या खोलीत डॉक्टरांच्या रीतीने वारा खेळवला होता. कुणी रेशीमकिड्यांची तबकं तशी रचली होती. एकाने तर पत्र्याच्या शाळेतला उकाडा कमी केला होता. साहेबांनी कोट काढला आणि स्वतः मोजायला बसले. त्यांची गाडी तासभर दारात उभी राहिली. एकोणीस खणांतून कार्डं निघाली एकशे सव्वीस! दुसऱ्या उमेदवाराच्या निळ्या ठिपक्यांचीही तशीच मोजणी झाली. साठ निबंधांना आधार बावीस.

डॉक्टरांचे डोळे भरून आले. "बाई, मला कधी सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही एकच खण बघता, हे मला काय ठाऊक? काखेत कळसा नि गावाला वळसा!"

पंधरा दिवसांत डॉक्टरांचं निवडीचं पत्र आलं. चाळ जागच्या जागी राहिली. पुंजाने केंद्रभर पेढे वाटले आणि मला हळदकुंकू लावलं. विमलाबाई रागावल्या, पण पुसायला काही सांगितलं नाही त्यांनी.

पुढे लोखंडी कपाटं येणार म्हणून मला अडगळीत टाकायची भाषा सुरू झाली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मी नेतो ते माझ्या खोलीत."

"मुळीच नाही," विमलाबाई म्हणाल्या. "ते तुमच्या एकट्याचं नाही, सगळ्यांचं आहे."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना वाळवीपासून जपा, अधूनमधून पुसा, आणि एकच खण उघडून निघून जाऊ नका.

डॉक्टर हल्ली रोज नवा खण उघडतात. परवा ते कोंबड्यांच्या खणापाशी तासभर उभे होते. उबवणीच्या खोलीवरचा तो लेख त्यांनी मागवून घेतला, दोनदा वाचला आणि आपल्या दहाव्या निबंधाच्या शेवटी त्या अनोळखी माणसाचं नाव लिहिलं.