धनराजच्या खिशातला रोटर

बस निघून गेली आणि लच्छू मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. सावली गावाकडे जाणारी ही आजची शेवटची बस. कंडक्टरने विनवण्या करून पाहिल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, पण रुखमाबाई जंगलातल्या रस्त्यावर बंद पडलेल्या पोराच्या, धनराजच्या जीपमधून हलायला तयार नव्हती.

"पोरगा पानी आनाले गेला माहा. त्याले जंगलात टाकून मी कशी जाऊ?"

म्हातारीने एकदा ठाण मांडलं की देवानेही हात टेकावेत; लच्छू तर साधा मिस्त्री. 'गाडीचे पॉइंट जळाले, नवे घेऊन ये' असा धनराजचा निरोप एका जीपवाल्याने ब्रह्मपुरीच्या स्टँडवर आणून दिला, म्हणून तो याच बसने आला होता. दोघं मिळून गाडी सुरू करू, वाटेत एकमेकांची खेचत घरी जाऊ, असं मनात धरून. आता बॉनेट उघडून बघतो तर प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर धनराजने बाहेर काढून ठेवलेला, प्लगच्या सगळ्या वायरी उपटलेल्या आणि रोटर गायब.

रोटर कुठे आहे हे विचारायला नको होतं. स्टँडवरच्या जीपवाल्यांची ती रीतच. गाडी सोडून जायचं तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायचं, आत फिरणारा तो अंगठ्याएवढा रोटर काढायचा आणि खिशात टाकायचा. मग ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही, चोर येवो की लग्नाचं वऱ्हाड, गाडी कोणी नेऊ शकत नाही. धनराज तर अंगणात गाडी लावली तरी रोटर उशाशी घेऊन झोपायचा. आज गाडीत सख्खी आई बसलेली असतानाही त्याने तो खिशात टाकला होता. लच्छूला हसू आलं, आणि थोडा रागही.

"कवा गेला, काकी?"

"दुपारीच. कॅन घेऊन नाल्यावर गेला. मले म्हने, तू उतरू नको."

दुपार केव्हाच टळली होती. नाला रस्त्यावरून दिसत नसला तरी हाकेच्या अंतरावर होता. लच्छूचं हसू मावळलं. "धनराज! ए धनराज!" करत तो पायवाटेने खाली उतरला.

नाल्याच्या काठावर कॅन उभी होती. पाण्याने भरलेली, झाकण घट्ट लावलेली. शेजारी एकच चप्पल. तिथून गवत आडवं झालेलं, काहीतरी जड ओढत नेल्यासारखं, थेट बांबूच्या बेटापर्यंत. मध्येच एका दगडावर काळपट डाग होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. अंगावर पट्टे असलेल्या त्या जनावराचं नाव या मुलखात जंगलात असताना कोणी घेत नाही; लच्छूने ते मनातही घेतलं नाही. पाठ न वळवता, मागे मागे सरकत तो चढावर आला.

"दिसला काय?" रुखमाबाईने विचारलं.

"नाई. पल्याड गेला असन."

म्हातारीने त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

आता एकच काम उरलं होतं. उजेड आहे तोवर या बाईला इथून काढायचं. रडायला पुढे जन्म पडला होता. लच्छूने पिशवी उलटी केली. भंगारातला एक जुना रोटर त्यात सापडला, कडेला तडा गेलेला, पण चालण्याजोगा. त्याने ठिणगी पाडणारे नवे पॉइंट बसवले, त्यांच्यातली फट हॅकसॉच्या पात्याने मापली. घाईत स्क्रू दोनदा गवतात पडला.

मग टायमिंग. पहिल्या सिलिंडरमधला पिस्टन पेट्रोलची वाफ दाबत वर येतो, तेव्हाच तिथे ठिणगी पडायला हवी. पण पिस्टन जळका धूर बाहेर टाकायलाही वर येतो, आणि पुलीवरची खूण दोन्ही वेळा तशीच जुळते. खरी वेळ ओळखायची तर एकाने हँडल फिरवायचं आणि दुसऱ्याने प्लग काढून त्या भोकावर अंगठा धरायचा; दाबलेली हवा अंगठ्याला लागली की तीच खरी वेळ. म्हणजे म्हातारीला खाली उतरवायचं, नाल्याकडे पाठ करून उभं करायचं. लच्छूचा जीव धजावला नाही. त्याने नुसती खूण जुळवली, त्या हिशेबाने वायरी लावल्या, देवाचं नाव घेतलं आणि स्टार्टर मारला.

धडाम्! कार्बोरेटरमधून बार निघाला. झाडावरची पाखरं एकदम उठली. मग सगळं चिडीचूप झालं, आणि नाल्याकडून वानर खेकसलं. एकदा, पुन्हा एकदा, मग थांबेचना. वानर असं उगीच ओरडत नाही. ते जनावर गेलं नव्हतं, तिथेच होतं.

"काकी, उतरा. या भोकावर आंगठा ठेवा. वारा लागला का सांगा."

ती निमूट उतरली. सुरकुतलेला अंगठा भोकावर दाबून उभी राहिली. लच्छू हँडल फिरवत होता आणि तिच्या खांद्यावरून बांबूंकडे बघत होता.

"लागला. आंगठा उडवून राह्यला."

त्याने खूण जुळवली, वायरी नव्याने लावल्या, प्लग आवळला. या वेळी इंजिन खोकललं, थरथरलं आणि धरलं. कान देऊन त्याने डिस्ट्रिब्युटर जरासा वळवला, आवाज सरळ झाला, बोल्ट कसला.

"बसा काकी, लवकर!"

सीट रिकामी होती. रुखमाबाई रस्त्याच्या कडेला, पायवाट खाली उतरते तिथे उभी होती. लच्छू ओरडला, पण तिने ऐकलं नाही. तिने पळसाची हिरवी डहाळी मोडली, जमिनीवर ठेवली आणि वर दगड ठेवला.

जनावराने माणूस नेला की त्या जागी येणारा-जाणारा हिरवी डहाळी टाकतो. अशा राशींवर लच्छूनेही लहानपणापासून डहाळ्या टाकल्या होत्या. पण पहिली डहाळी आईच्या हातची असलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

"काकी... मी तं काई बोललो नाई."

"तिकडून आल्यावर तू त्याले एकबी हाक नाई मारली, बापा." ती येऊन सीटवर बसली. "चाल आता. गावचे मानसं घेऊन येऊ. रातभर तिथं एकटा नको राहाले माहा पोरगा."