हात न लावायची रांग

मित्रांनो, माझा बुंधा आता लाकडासारखा टणक झाला आहे. सदाफुलीच्या मानाने हे म्हातारपणच. माझा जन्म मोर्शीला, संत्र्याच्या बागेच्या बांधावर झाला. तिथे कोणी पाणी घालत नसे, तरी मी बाराही महिने फुलत असे. तिथून प्रतीक्षाताईंनी मला अकोल्याला, त्यांच्या संशोधन केंद्राच्या जाळीघरात आणले. माझ्या फांद्यांपासून त्यांनी वीस रोपे केली.

माझ्या पानांत अगदी थोडे कडू द्रव्य तयार होते. त्यापासून रक्ताच्या कर्करोगावरचे औषध बनते. ते द्रव्य तयार करण्याची सूचना माझ्या जनुकांत लिहिलेली आहे, पण एरवी एक प्रथिन पहारेकऱ्यासारखे या जनुकांना दाबून ठेवते. अळीने पान कुरतडले की पहारा उठतो आणि जनुके जागी होतात. किती जखमेला किती जाग येते, हे ताईंना मोजायचे होते. म्हणून एका रांगेची पाने त्या चिमट्याने दाबत. माझ्या रांगेला मात्र, तुलनेसाठी, कोणीही हात लावायचा नव्हता.

तीनदा तपासणी झाली. तिन्ही वेळा आमच्या रांगेतही जनुके जागी निघाली. ताईंचे दोन वर्षांचे काम तिथेच अडले. कारण सापडले नाही तर सोमवारी सगळी रोपे उपटू, असे विभागप्रमुख केशवरावांनी सांगितले. ताईंनी अळ्या शोधल्या, पाने कोणी तोडली का म्हणून सगळ्यांना विचारले. मला कारण ठाऊक होते, पण मला कुठे तोंड आहे?

पाणी घालणाऱ्या वच्छलाबाई रोज सकाळी पाच फुले पदरात घेत. पूजेची फुले आमच्याकडे कोणाच्याही कुंपणावरून तोडतात, त्यात विचारायचे काय? शिवाय चिमटलेल्या झाडांची फुले देवाला कशी वाहायची? म्हणून त्या नेमक्या आमच्याच रांगेत येत.

शनिवारी ताई माझ्या कुंडीवरची चिठ्ठी काढू लागल्या. वच्छलाबाईंनी हातातली झारी खाली ठेवली.

"ताई, फुलं मी तोडून राहिली होती. देवाले. पोळ्यापासून."

ताई चिठ्ठी तशीच सोडून वळल्या. "मावशी, फूल तोडलं तरी झाडाले जखमच होते. काहून नाई सांगितलं?"

"तुमी पानाचं इचारलं. फुलाचं कोनं इचारलं? मले कामावून काढा, पन झाडं नका उपटू."

केशवरावांनी तीन आठवडे दिले. वच्छलाबाई कामावर राहिल्या. माझी फुले जागच्या जागी वाळून गळत होती आणि मी भीत होते, माझ्या आतली जाग आता शमलीच नाही तर? चौथ्या तपासणीत माझी जनुके शांत निघाली. ताई तो कागद घेऊन आधी वच्छलाबाईंकडे गेल्या, केशवरावांकडे नंतर.

मित्रांनो, औषधी म्हणून माझी पाने चावू नका, ती विषारी आहेत. फूल हवे असेल तर विचारून घ्या. आणि विचारायचे राहून गेलेच, तर सांगायला उशीर करू नका. वच्छलाबाई बोलल्या, तेव्हा मध्ये फक्त एक रविवार उरला होता.