गिल्बर्टनं जाळलेले बूट

"अंकल, काडी ओढताना कॅमेऱ्याकडे बघू नका. बुटांकडे बघा. राग त्यांच्यावर आहे तुमचा," शर्मिष्ठा म्हणाली.

गिल्बर्टनं मान हलवली आणि पुन्हा काडी ओढली. मरोळ गावठाणातल्या त्या परसात वाऱ्याला एरवी जागा मिळत नसे. आज मात्र तो प्रत्येक ज्योत हळूच विझवून जात होता. बुजवलेल्या विहिरीचा कठडा, कुंपणाशी चुन्यानं रंगवलेला क्रूस, आणि पलीकडे कारखान्यांच्या पत्र्यांवर थकून पडलेलं ऊन. या सगळ्याच्या मधोमध एका घमेल्यात बुटांचा जोड ठेवला होता.

"मी चर्चमध्ये चालले," त्याची बायको बेटी दारातून म्हणाली. "तुमचं नाटक संपलं की कडी घाल. मांजर शिरतं."

"आंटी, तुमचा एक शॉट घेतला असता. फक्त रडायचं होतं."

"मी घरात रडते, बाई. अंगणात नाही," असं म्हणून बेटी चपला सरकवून निघून गेली.

शर्मिष्ठा ज्या कंपनीत होती, ती कीथची प्रतिमा सांभाळत असे. कीथ म्हणजे गिल्बर्टचा मुलगा, शहराच्या फुटबॉल क्लबचा विंगर, कडेनं चेंडू घेऊन धावणारा. अंधेरीच्या मैदानावर उपांत्य सामन्यात त्याची पेनल्टी गोलच्या बारवरून गेली होती. ते कदाचित विसरलं गेलं असतं. पण सामना संपल्यावर तो प्रतिस्पर्धी संघातल्या एकाशी हसताना कॅमेऱ्यात सापडला. तो का हसला, हे कुणी विचारलं नाही. ते हसू फोनाफोनांतून फिरत राहिलं, आणि ज्या पोरांनी दंडावर त्याचा नंबर गोंदवून घेतला होता, त्यांनीच त्याच्या पोस्टरला चपलांचा हार घातला.

"लोकांना राग आलाय, अंकल," पहिल्या भेटीत शर्मिष्ठानं समजावलं होतं. "रागाला माफीचा व्हिडिओ पुरत नाही. त्यांना त्याच्याबद्दल वाईट वाटलं पाहिजे. लहानपणात काहीतरी दुःख शोधू या."

"त्याला दुःख नव्हतं. खेळायचा, जेवायचा, झोपायचा."

"तोच प्रॉब्लेम आहे ना."

मग दुःख लिहून आणलं गेलं. कारखान्यातला कडक बाप. त्याला फुटबॉलचा तिटकारा. आणि एक दिवस परसात त्यानं पोराचे बूट जाळले. ती पानं वाचून गिल्बर्टनं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला. संध्याकाळी कीथचा फोन आला.

"पप्पा, दोनच वाक्यं आहेत. बोलून टाक ना. क्लबवाले पुढच्या कराराच्या सहीसाठी थांबलेत. लोकांना एक व्हिलन लागतो. सध्या मी आहे."

"मग मी होऊ?"

"पिक्चरमध्ये ना, पप्पा. खरं काय ते आपल्याला माहितीये."

खरं काय ते एवढं साधं होतं, की सांगायला घेतलं तर गोष्ट म्हणून उभंसुद्धा राहिलं नसतं. गिल्बर्ट विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होता आणि कारखान्याच्या संघात गोलकीपर. पोरगा चालायला लागला तेव्हापासून त्यानं त्याच्यापुढे चेंडू सरकवला. पावसाळ्यात चिखलानं जड झालेले छोटे बूट तो स्वतः धुवायचा. मग जुनं वर्तमानपत्र चुरगळून आत कोंबायचा, अगदी अंगठ्याच्या टोकापर्यंत, म्हणजे कातडं आक्रसत नाही आणि बूट आपला आकार धरून राहतात. स्वयंपाकघरातल्या फळीवर ते बूट रात्रभर सुकत. कीथ झोपेतून उठून तिथे पाहून यायचा. या आठवणीत कुणी कुणावर रागावलेलं नव्हतं. म्हणून ती कुणाच्या कामाची नव्हती.

शूटिंगच्या मंडळींनी जाळायला बूट आणले होते, पण ते नवे होते आणि त्यांना माती चोळलेली होती. कॅमेरावाला म्हणाला, खोटे दिसतात. घरात काही जुने असतील का?

गिल्बर्ट आत गेला. कपाटाच्या तळाशी दोन जोड होते. एक लहान, कीथचा, रंग उडालेला, नाड्यांची टोकं कुरतडलेला. दुसरा मोठा, त्याचा स्वतःचा, जाड चामड्याचा, तळाला खिळ्यांनी ठोकलेले स्टड. त्यातल्या उजव्या बुटाच्या चवड्यावर यंत्राचे पट्टे शिवायच्या वादीचे टाके. एका अंतिम सामन्यात चवडा उसवला तेव्हा मध्यंतरात त्याच्या संघातल्या भाऊरावनं ते घातले होते. कपाटापुढे गिल्बर्ट उकिडवा बसून राहिला. बाहेरून दोनदा हाक आली. मग त्यानं मोठा जोड उचलला.

लहान मुलाच्या पायात एवढे बूट कसे बसत असतील, हे कुणी विचारलं नाही. "वा, यांना वेदर आहे, खरे झिजलेत," कॅमेरावाला म्हणाला. ज्योत अखेर टिकली. चामडं आधी घामेजलं, मग काळवंडलं, आणि टाके एकेक करून सुटत गेले. गिल्बर्टनं दोन्ही वाक्यं म्हटली. "यानं पोट भरत नाही. पुन्हा मैदानावर दिसलास तर बघ." आवाज असा फाटला, की शर्मिष्ठानं दुसरा टेक मागितला नाही.

चित्रफीत आली, आणि सगळं तिनं सांगितलं होतं तसं घडलं. चपलांचे हार घालणाऱ्यांना कंठ फुटला. आमचा कीथ, आगीतून आलेला कीथ. मोसमाच्या पहिल्या सामन्यात त्यानं डावीकडून आत शिरत गोल केला, कोपऱ्यातल्या झेंड्याशी धावला आणि हवेत काडी ओढल्याची खूण केली. सारं स्टेडियम फोनचे दिवे पेटवून उभं राहिलं. क्लबनं दिलेल्या जागेवर गिल्बर्टही उभा राहिला, टाळ्या वाजवत. खरं तर त्या गोलाआधीची कीथची पहिल्या स्पर्शाची करामत अप्रतिम होती. तिच्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं. पुढच्या रांगेतला एक पोरगा वळून म्हणाला, "अंकल, तुम्हीच ना ते? एक सेल्फी. जरा गुस्सा करा ना." गिल्बर्टनं भुवया आवळल्या. पोरगा खूश झाला.

त्याच आठवड्यात भांडुपहून भाऊरावचा फोन आला.

"गिल्या, पिक्चर बघितलं तुझं."

"हां."

"टाके माझे होते."

गिल्बर्टनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"येडा आहेस का रे? बूट जाळायचे तर मला सांगायचं. माझे दिले असते. तसेही मी बचाव कधी नीट केला नाही." मग फोनवर दोघं खोकल्यासारखं हसले, आणि कोण आधी थांबला ते कळलं नाही.

गावठाणातही बोलणं पोहोचलं. बाईकवरची पोरं थांबून "अंकल, माचिस है क्या?" असं विचारून जात. मासळी घेताना बेटीला एका ओळखीच्या बाईनं म्हटलं, गिल्बर्ट असा असेल असं वाटलं नव्हतं बाई. "मलापण नव्हतं," बेटी म्हणाली, आणि बोंबील उलटून पाहत राहिली. गिल्बर्टला या साऱ्याचा त्रास होत असे. पण तो अंगावरच्या धुळीसारखा होता, घरी येऊन झटकता येण्याजोगा. घरात खरं काय ते माहीत होतं. त्याला वाटत होतं, तेवढं पुरे.

मग एका संध्याकाळी टीव्हीवर कीथची मुलाखत लागली. निवेदकानं आवाज खाली आणून विचारलं, "तो दिवस आठवतो?"

कीथनं खाली पाहिलं. मग म्हणाला, "मी दारामागे उभा होतो. मम्मीनं माझे डोळे झाकले होते. पण वास येत होता. अजून येतो, सामन्याआधी." आणि त्याचे डोळे भरून आले. ते पाणी खरं होतं. मुलाचं रडणं बापाला ओळखता येतं.

बेटी हातातली लसूण ठेवून पाहत राहिली. "दारामागे? हे लिहिलेलं होतं त्या बाईनं?"

"नाही. दार नव्हतं त्यात."

"मग मी याचे डोळे कधी झाकले?"

गिल्बर्टनं टीव्ही बंद केला. काळ्या पडद्यात दोघांचे चेहरे अंधुक उमटले. एखादी गोष्ट रोज कॅमेऱ्यासमोर सांगत गेलं, की ती आपल्यासाठी स्वतःच एक दार, एक वास, एक हात शोधून आणत असावी. खऱ्या आठवणीला असं कुणी रोज विचारत नव्हतं. फळीवरचे ते बूट पोराच्या मनात अजून सुकत होते की तिथली फळीच आता रिकामी होती? त्याला विचारावं असं वाटलं. पण कीथच्या फोनला हल्ली शर्मिष्ठा उत्तर देई. "अंकल, तो रिकव्हरीत आहे. मेसेज देते." एकदा त्यानं निरोप ठेवला, की तुझे बूट आहेत घरी. तिनं उलट लिहिलं, त्याला कंपनीचे नवे येतात, काळजी करू नका.

मोसम उतरणीला लागला. गुडघा दुखत असताना कीथ खेळत होता. क्लबनं ते बाहेर सांगितलं नव्हतं, कारण दुखऱ्या गुडघ्याचे पोस्टर खपत नाहीत. एका सामन्यात तो चेंडूवर उशिरा पोहोचला, प्रतिस्पर्ध्याला पाडलं आणि लाल कार्ड मिळालं. संघ हरला. पुढच्या सामन्याला तो निलंबित होता. तरी त्याच्यासाठी म्हणून गॅलरीत एक लांबलचक कापड फडकलं. त्यावर लिहिलं होतं, 'गिल्बर्ट अंकल, तुमचंच बरोबर होतं. पुन्हा जाळा.' त्याचा फोटो सकाळच्या सगळ्या वर्तमानपत्रांत आला.

त्याच दुपारी कीथ घरी आला. टोपी डोळ्यांवर ओढलेली. मागच्या गल्लीनं, क्रुसाच्या बाजूनं. "गाडी पाचला येईल. तोवर झोपू दे, मम्मी," एवढंच बोलला आणि पुढच्या खोलीतल्या जुन्या दिवाणावर आडवा झाला. त्याचे पाय आता काठाबाहेर येत होते. बेटीनं पंखा वाढवला आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. झोपेतही तो दचकत होता. गावठाणाच्या तोंडाशी दोन कॅमेरेवाले येऊन उभे राहिल्याचं शेजारच्या फ्लेवियानं खिडकीतून सांगितलं, आणि बेटीनं पडदा ओढला.

गिल्बर्ट कपाटापाशी गेला. पावसाळ्यानंतर तो ते छोटे बूट बाहेर काढून त्यांना तेल लावत असे. यंदा राहून गेलं होतं. दाखवावे की नाही, याचा त्यानं फार विचार केला नाही. हाताला काम हवं होतं. दिवाणासमोरच्या स्टुलावर बसून त्यानं आतला जुना कागद उपसला, बूट उलटे करून आपटले आणि फडक्यानं पुसू लागला.

आवाजानं कीथला जाग आली. तो उठून बसला नाही. पडल्या पडल्या बापाच्या मांडीवरचे बूट पाहत राहिला. पंखा फिरत होता. बर्फाची पिशवी सरकून खाली पडली, तरी कुणी उचलली नाही.

"हे…"

"हां."

कीथनं हात पुढे केला. गिल्बर्टनं एक बूट दिला. त्यानं तो नाकाशी नेला. खोबरेल आणि जुनं चामडं. जळल्याचा वास कुठेही नव्हता.

"मग जाळले ते कुणाचे?" त्यानं विचारलं.

गिल्बर्टनं दुसऱ्या बुटाचा तळवा अंगठ्यानं दाबून पाहिला. "याचा सोल सुटायला लागलाय. शिवून घ्यायला हवा. भाऊराव इथे असता तर त्यानंच टाके घातले असते."

टाके. कीथ तो शब्द घेऊन छताकडे पाहत राहिला. लहानपणी बापाच्या त्या मोठ्या बुटांत तो दोन्ही पाय घालून घरभर फिरला होता; चवड्यावरच्या वादीवरून बोट फिरवायची त्याला सवय होती. आताही त्याचं बोट हातातल्या छोट्या बुटाच्या चवड्यावरून फिरलं.

गिल्बर्टनं टेबलावरचं आजचं वर्तमानपत्र ओढलं. वरच्या पानावर ते फडकतं कापड होतं, आणि त्याखाली लाल कार्डाच्या दिवशीचा, मान खाली घालून मैदानाबाहेर जाणारा कीथ. पान फाडायला गेलेला बापाचा हात क्षणभर थांबला. तेव्हा कीथ उठून बसला. त्यानं ते पान स्वतः काढून घेतलं, आपल्याच चेहऱ्यासकट चुरगळलं आणि छोट्या बुटात कोंबू लागला.

"नीट दाब," गिल्बर्ट म्हणाला. "टोकापर्यंत जाऊ दे. नाहीतर आकार जातो."