हुमणीची पिशवी

साताऱ्याच्या त्या खाजगी प्रयोगशाळेत समीक्षाला आज कायम होण्याच्या कागदावर सही करायची होती आणि सकाळपासून तिचं मन घेत नव्हतं. माती तपासायची, शेतकऱ्याला रिपोर्ट द्यायचा, महिन्याला पगार. जीवशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या कुंडलच्या पोरीला आणखी काय पाहिजे, असं भावकी म्हणायची. तिला पाहिजे होतं सांगलीच्या कॉलेजातलं काम. उसाची मुळं कुरतडणारी हुमणी अळी बुरशीने मारता येते का, ते शोधायचं. जीव रमेल असं, पण दोनच वर्षांचं.

"दोन वर्सांनी काय अळ्या राखत बसणार?" असं तिचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले ज्योतिबा, म्हणाले होते.

आज ते मिलिटरी कॅन्टीनला आले होते, तसेच लेकीची सही बघायला वर आले. आठवड्यापूर्वी दिलेल्या मातीचा रिपोर्टही न्यायचा होता. प्रयोगशाळेच्या साहेबांनी तो लगेच काढून दिला. जमीन उत्तम, युरिया वाढवा.

कोपऱ्यातल्या मातीच्या पिशव्यांच्या ढिगाला सडका वास मारत होता. त्या वासापायी दोन दिवस सगळे एकमेकांच्या डब्याला नावं ठेवत होते. ज्योतिबांनी ढिगातून आपली पिशवी ओढली. त्यांची फौजेतली गाठ जशीच्या तशी होती. ती दुसऱ्या कुणाला सुटत नसे.

"आगं, ही तर हुमणीची पिशवी," ते म्हणाले. लेकीच्या हट्टापायी सांगलीच्या कॉलेजात हुमणीचं काम बघणाऱ्या बाईंसाठी त्यांनी मातीत अळ्या भरून ठेवल्या होत्या आणि घाईत तीच इथं दिली होती. तपासायची माती घरी सोप्यातच राहिली होती.

"एका शिवारातली माती असून असून किती वेगळी असणार?" साहेब खुर्चीतून न उठता म्हणाले.

पिशवी न उघडताच रिपोर्ट लिहिणाऱ्या साहेबांची समीक्षाला शिसारी आली. स्वतःची त्याहून जास्त आली, कारण रिपोर्टखाली सही तिची होती. साहेब गठ्ठा पुढे सरकवायचे आणि ती वर्षभर न वाचता सह्या ठोकत आली होती.

ज्योतिबांनी चष्मा लावून ती सही वाचली. "गेल्या साली असल्याच कागदावर इसंबून खत टाकलं मी," ते म्हणाले. "लेकीची सही हाय म्हणून."

त्यांनी गाठ सोडली. आतल्या अळ्या मेल्या होत्या. बऱ्याच सडल्या होत्या, पण तीन-चार कडक होऊन त्यांच्यावर हिरवट बुरशी चढली होती. हुमणी मारणाऱ्या ह्याच बुरशीसाठी बाई रानं पालथी घालत होत्या. समीक्षाने एक अळी तळहातावर घेतली. वास नाकात जात होता, तरी ती अळी उलटसुलट करून बघत राहिली.

"सही करा की, मला जेवायला जायचंय," साहेब म्हणाले.

ज्योतिबांनी तिच्यापुढचं पेन उचलून खिशात घातलं. पिशवीचं तोंड आवळून पुन्हा तीच गाठ मारली.

"सांगलीची गाडी कितीला हाय?" त्यांनी विचारलं.