हिरवं मोजणारा चिमटा

सर्वेशला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडू. त्याचं गव्हावर फवारायचं औषध पास झालं असतं, तर बियाण्याच्या एका मोठ्या कंपनीशी करार होणार होता. मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीतला भाड्याचा गाळा स्वतःचा होणार होता. औषधाच्या डब्यावर नाव छापून येणार होतं. आणि अंधेरीला राहणारे त्याचे सासरे, जे चारचौघांत त्याची ओळख 'आमचे फवारणीवाले जावई' अशी करून द्यायचे, ते एकदाचे गप्प बसणार होते. माझ्या मते घाई होती ती या शेवटच्या गोष्टीची.

मला मिळणार होत्या दोन नव्या बॅटऱ्या.

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. कपडे वाळत घालायचा नव्हे. मी पानाला चावतो आणि ते किती हिरवं आहे ते आकड्यात सांगतो. माझ्या एका जबड्यातून उजेड निघतो, दुसरा जबडा तो किती पलीकडे आला ते बघतो. पान जितकं हिरवं, तितका उजेड कमी पोचतो आणि माझा आकडा वर जातो. बस्स, एवढंच माझं शिक्षण. हे पान आनंदात आहे की दुःखात, हे मला कळत नाही. पण आकडा दिसला की माणसांना सगळंच कळल्यासारखं वाटतं, असं मी बघत आलोय.

मी जन्मलो परदेशातल्या एका कारखान्यात. माझी उमेदीची वर्षं एका सरकारी शेतात गेली. तिथे मला मखमलीच्या पेटीत ठेवत. पुढे नवीन यंत्रं आली आणि पेटीसकट माझा लिलाव झाला. सर्वेशनं मला भंगाराच्या भावात उचललं. पेटी त्यानं स्वतःचे चष्मे ठेवायला घेतली.

गाळ्यात मला हाताळणारं दुसरं माणूस म्हणजे हेमांगी. ती मढच्या कोळीवाड्यातली. सर्वेश आणि ती कॉलेजात एका बाकावर होते, त्यामुळे भांडणही अरे-तुरेचं. आई मासळी विकायची आणि ही घरामागच्या ओट्यावर डब्यांत गहू लावायची. खाऱ्या वाऱ्यात, घाम काढणाऱ्या उकाड्यात जे रोप तग धरेल, त्याचंच बी पुढच्या वर्षी पेरायचं. असं करत करत तिनं एक वाण उभा केला होता. उकाड्यातही त्याचा दाणा पोचट राहत नसे. तो गहू जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. होता तो हेमांगीच्या बरणीत.

सर्वेशकडे औषध, हेमांगीकडे गहू. म्हणून भागीदारी.

आता औषधाचं काम ऐका. गव्हाच्या एकाच फुलात आई आणि बाप दोघं नांदतात. त्यामुळे गहू स्वतःशीच लग्न लावून मोकळा होतो. दोन वाणांचा संकर करायचा, तर एका वाणाचा पराग मारावा लागतो. हातानं एकेक फूल उघडून ते करायला जन्म पुरत नाही. म्हणून गहू पोटरीत येताना, म्हणजे ओंबी अजून आत लपलेली असताना, औषध फवारतात. पराग वांझ होतो आणि शेजारच्या ओळीतल्या दुसऱ्या वाणाचा पराग येऊन दाणा धरतो. कागदावर सगळं झकास. पण औषध परागाचा पत्ता विचारत जात नाही. ते आधी पडतं पानावर.

"बरणीतलं सगळं बी पेरू," सर्वेश म्हणाला. "ओळी भरगच्च दिसल्या पाहिजेत."

"सगळं? वेडा आहेस का? थोडं मागे ठेवते."

"मूठभर ओळी बघायला कोण येणार, हेमा? तुला एक ट्रे देतो ना बिनफवारणीचा. प्लॅस्टिकच्या पडद्यामागे. त्यात तुझं बी तुला परत मिळेल. तो ट्रे माझी जबाबदारी."

तिनं बरणी रिकामी केली. उरलेले दोन-चार दाणेही तळाला थाप मारून काढले.

गार हवेच्या खोलीत, दिव्यांखाली गहू वाढला. फवारणीच्या दिवशी हेमांगीनं पंखा बंद करायला सांगितलं होतं. मास्क चढवल्यामुळे सर्वेशला त्या गार खोलीतही उकडत होतं. त्यानं पंखा चालू ठेवला आणि औषधाची मात्राही वाढवली, का तर एकही पराग जिवंत राहायला नको. वाऱ्याबरोबर औषध शेजारच्या ओळीतल्या, पराग देणाऱ्या बाप-वाणावरही गेलं. पडद्यामागचा ट्रे तेवढा वाचला.

चार-पाच दिवसांत पानांनी तोंड उघडलं. शेंडे उकळतं पाणी पडल्यासारखे पांढुरके झाले. शिरांच्या कडेनं पिवळे पट्टे उठले. काही पानं कडांनी आत वळली. ओंबीच्या अगदी खालचं शेवटचं पान दाण्याला सगळ्यात जास्त पोसतं. ते तर आखूडच राहिलं. हेमांगीनं मला त्याच्या शेंड्याला लावलं. माझा आकडा निम्म्यावर आला.

"हे डबडं बिघडलंय," सर्वेशनं मला टेबलावर आपटलं.

"डबडं ठीक आहे. तू पान भाजलंस."

"शेंड्याला कशाला लावतेस मग? बुडाशी लाव ना, हिरवं आहे तिथे!"

"आणि माणसाचा ताप कुठे बघायचा? बुटावर?"

त्यानं मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि पानाच्या बुडाशी स्वतः लावलं. आकडा चांगला आला. मी खोटं बोललो नाही, मित्रांनो. जिथे चावायला लावलं, तिथलं खरं सांगितलं. त्या दिवसापासून मी सर्वेशच्या बॅगेत राहू लागलो.

पुढे नवल झालं. पडद्यामागचा ट्रे, ज्याच्यावर थेंबही पडला नव्हता, तो पिवळा पडू लागला. फवारलेल्या ओळी मात्र हिरव्याच. भाजलेले शेंडे गळून गेले आणि उरलेलं पान असं टवटवीत राहिलं, की वाटावं त्याला म्हातारपण माहीतच नाही. सर्वेश गाळ्यात नाचायचा बाकी होता.

"बघ! औषधानं पान तरुण ठेवलंय. तुझ्या ट्रेची बघ कशी वाट लागली!"

हेमांगीनं एक हिरवी ओंबी दोन बोटांत दाबली. मग दुसरी. माशाचं पोट दाबून बघावं तशी.

"सर्वेश, आत काही नाहीये. बाप-वाणाचाही पराग मेला, दाणाच धरला नाही. पान हिरवं राहिलंय कारण त्याच्याकडून घेणारं कोणी नाही. माझा ट्रे पिवळा पडतोय, कारण पानातलं सगळं दाण्यात उतरतंय."

"जळतेस तू."

"जळू दे. फक्त त्या ट्रेला हात लावू नकोस. दाणे अजून ओले आहेत, वाळायला वेळ लागेल. माझं सगळं बी आता तेवढंच उरलंय. कळतंय का तुला?"

"हो गं बाई, कळतंय."

मी उभं आयुष्य हिरवं मोजलं, पण हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. पान म्हणजे घरातलं कमावतं माणूस. लेकरांवर खर्च झालं की फिकं पडतं. ज्याचं गाठोडं शेवटपर्यंत शाबूत, त्यानं कोणाला काही दिलेलंच नसतं.

होळी आली. होळीला मढच्या कोळीवाड्यातलं माणूस कामावर येत नसतं. हेमांगी रजेवर गेली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी बियाण्याच्या कंपनीच्या जयंती मॅडम पाहणीला येणार होत्या. सर्वेशनं गाळा झाडून घेतला. पडद्यामागचा पिवळा ट्रे त्याच्या डोळ्यांत खुपत होता. तेवढ्यात त्याच्या सोसायटीतल्या चेतनाबेनचा फोन आला.

"सर्वेशभाई, तुमच्याकडे गहू लावलाय ना? होळीत भाजायला ओंब्या आणा ना थोड्या. बाजारात मिळत नाहीत हो!"

सर्वेशला पिवळ्या ट्रेची सोय लागली. हिरव्या ओळींना तो कशाला हात लावेल? तो तर त्याचा माल होता. संध्याकाळी त्यानं ट्रे कात्रीनं साफ कापला, जुड्या बांधल्या आणि गाडीत टाकल्या. मी बॅगेत, जुड्या मागच्या सीटवर. एवढा जवळून तो गहू मी पहिल्यांदाच पाहिला. ओंब्या जडपणानं वाकल्या होत्या.

होळी पेटली. बायकांनी नारळ वाहिले, जुड्या आचेवर धरल्या. तळहातावर चोळून फुंकर मारली, की टपोरे दाणे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "वा! काय गोड आहे हो! कुठला गहू?"

"आपलाच," सर्वेश म्हणाला.

प्रत्येकाला चिमूटभर मिळाला. लहान मुलांना दोनदा.

जयंती मॅडम आल्या, पाठोपाठ रजेवरून हेमांगीही. सर्वेशनं मला पानाच्या बुडाशी लावून आकडा दाखवला. मॅडमनी मान डोलावली, एक ओंबी तोडली आणि चोळली. फुंकर मारली. तळहातावर काहीच उरलं नाही. दुसरी चोळली, तिसरी चोळली. नुसतं भूस उडालं.

"पान सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण आम्ही पानाचं बी विकत नाही. बिनफवारणीचा आहे का काही?"

"आहे ना, मॅडम," हेमांगी म्हणाली आणि पडद्यामागे गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कापलेल्या बुडख्यांचा ट्रे होता.

"सर्वेश, हे काय आहे?"

"अगं, पिवळा पडला होता तो. वाईट दिसत होतं. होळीला दिला."

"जाळलास?"

"जाळला नाही गं. भाजून खाल्ला सगळ्यांनी. गोड होता, खरंच." त्याला वाटलं, कौतुक ऐकून ती शांत होईल.

हेमांगीनं ट्रे खाली ठेवला. तशीच निघाली, सर्वेशच्या सोसायटीत गेली आणि दारोदार विचारत फिरली. चेतनाबेननी देव्हाऱ्यातली वाटी आणून दिली. "घ्या ना, प्रसाद ठेवलाय थोडा." वाटीत सोनेरी, खरपूस दाणे होते. ती वाटी घेऊन ती गाळ्यात परतली. कोणालाही न विचारता तिनं मला सर्वेशच्या बॅगेतून काढलं, पर्समध्ये टाकलं आणि कायमची निघाली.

मी आता मढला, तिच्या खिडकीत असतो. तिनं ते दाणे ओल्या कापसावर ठेवले. रोज सकाळी मला हातात घेऊन ती वाकून बघायची. कोंब फुटला, तर पहिल्या पानाला मला लावायचं होतं तिला. भाजलेला दाणा उगवत नाही, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. कापसाला वास येईपर्यंत तरीही ती बघत राहिली. माझ्या बॅटऱ्या पडून पडून संपल्या.

मित्रांनो, कोणी तुम्हाला हिरवं पान दाखवून टाळ्या मागितल्या, तर आधी ओंबी दाबून बघा. आणि पिवळं पडलेलं काही फेकायला निघालात, तर ते कोणासाठी पिवळं पडलं, एवढं विचारा.

आता हिशेब पुरा करतो. करार गेला, पण सर्वेशचं नाव डब्यावर आलंच. तेच औषध पाणी घालून 'कुंडीतली पानं सदा हिरवी' म्हणून तो बोरिवलीपर्यंतच्या गॅलऱ्यांना विकतो. सासरे आता त्याच्या गाडीतून फिरतात. जयंती मॅडमची एक फेरी फुकट गेली. सोसायटीला गोड प्रसाद मिळाला. मढच्या खिडकीत एक बरणी घासूनपुसून पालथी ठेवली आहे. सगळ्यांचं बिल भरलं ते तिनं.