ड्रायव्हरची सीट

आठ दिवस झाले, बाबांनी घरात नुसता उच्छाद मांडलाय. ताईकडे जायचं, दोन दिवसांचा रस्ता आहे, सगळं मान्य. पण बत्तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस आमच्या छोट्या गाडीलाही ट्रकच समजतो. प्रत्येक बॅग वजनकाट्यावर. जड सामान खाली, सीटला चिकटून, हलकं वर. काल मी घाम गाळून डिकी भरली आणि आज सकाळी बघतो तर सगळं सामान अंगणात!

"भार एका बाजूला गेला होता," बाबा म्हणाले. "वळणावर कळलं असतं तुला."

बायकोची बॅग चौथ्यांदा उघडली तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात ओढलं. "बाबांना तुम्ही सांगणार आहात की मी सांगू?"

बॅगेचं नव्हतं हे. गेल्या महिन्यात बाबा कोपऱ्यावर गाडी वळवत होते आणि एक सायकलवाली बाई थोडक्यात वाचली. ती त्यांना दिसलीच नव्हती. मी शेजारीच बसलो होतो. "मध्येच घुसली," असं म्हणून बाबांनी विषय संपवला आणि मीही शेपूट घातली. आता मागे माझी दोन पोरं बसणार. बाबांना चालवू द्यायचं नाही, हे ठरलेलं. पण त्यांना सांगायचं कसं? रोज तोंड उघडायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

दुपारी अंगणात आलो तर काय! बाबा ड्रायव्हरच्या सीटवर. बुडाखाली सोफ्यावरची जाड उशी, मान ताठ, हात आरशावर. गाडीच्या मागे भर उन्हात आई लाल बादली उंच धरून उभी.

"जरा डावीकडे सरक!" बाबा ओरडले. "अजून! हां, आली."

माझा पारा चढला. आठ दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडलं.

"उतरा बाबा! बास झालं! तुम्हाला दिसत नाही, कळतंय का? दिसत नाही! माझी पोरं आहेत गाडीत. तुम्ही चालवणार नाही!"

आईने बादली खाली ठेवली. बाबा दाराचा आधार घेत उतरले, उशी काखेत मारली.

"बस," म्हणाले.

"मला नाही बसायचं."

"बस म्हणतोय ना."

आदळआपट करत बसलो. मान वर केली आणि आरशात मागची काच जशीच्या तशी, काठोकाठ. बाहेरच्या दोन्ही आरशांत मागचा रस्ता सरळ समोर. एरवी बाबांनंतर गाडी घेतली की मला तिन्ही आरसे फिरवावे लागतात. आज एकालाही हात लावावा लागला नाही.

"तू माझ्यापेक्षा वीतभर उंच," बाबा म्हणाले. "म्हणून उशी घेतली. नुसती आई दिसेना मला आरशात, म्हणून बादली धरायला लावली."

"म्हणजे तुम्ही…"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो मी. त्या बाईच्या दुसऱ्याच दिवशी. गाडी चालवायची नाही म्हणाले."

"मग सांगायचं नाही का आम्हाला? आठ दिवस जीव टांगणीला लागलाय आमचा!"

"तू तरी कुठे बोलत होतास?"

 राग जाईना, आणि आता तो नक्की कुणावर हेही कळेना. बाबा गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी आले. दार उघडलं नाही. बायको नेहमी तिथे बसते, हे त्यांना माहीत होतं. खाली वाकून त्यांनी खिडकीतून विचारलं,

"मी इथे पुढे बसलो तर चालेल का रे? मध्ये मध्ये बोलणार नाही. मागून रस्ता दिसत नाही मला."