नुसत्या गिरज्याचा फोटो

भंडाऱ्यात फोटोचं दुकान चालवायचं म्हणजे डोकं घरी ठेवून यावं लागतं. लग्न असलं की लोक नागपूरचा फोटोग्राफर आणतात आणि घरात मयत झाली की मात्र त्यांना माझी आठवण होते. भिंतीला टेकवून बसवलेला म्हातारा, गळ्यात हार, दोन्ही बाजूंना लेकी-सुना, पुढ्यात नातवंडं आणि समोर मी. आमच्याकडची रीतच तशी. जाणाऱ्याला फोटोत एकटं ठेवत नाहीत. त्यामुळे खांद्यावर स्टँड टाकून मी कुठल्याही गल्लीत शिरलो की बाया दारात येऊन विचारतात, "कोन गेलं जी?" एकोणऐंशी साली तर मी या प्रश्नाला इतका विटलो होतो की दुकान बंद करून जवाहरनगरच्या फॅक्टरीत चिकटावं असं रोज वाटायचं.

अशात एका सरकारी कचेरीतल्या साहेबांनी बोलावून घेतलं. तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर इंग्रजांच्या वेळचं जुनं चर्च आहे, त्याचे फोटो हवेत म्हणाले. "नुसती इमारत पाहिजे. एकही माणूस दिसता कामा नये." मी हरखलो. म्हटलं, भेटला एकदाचा जाणकार माणूस.

रविवारी गेलो, तिथेच चुकलो. त्यांची भक्ती, म्हणजे रविवारची प्रार्थना, नुकतीच संपली होती आणि सगळी मंडळी अंगणात होती. इमारत मात्र देखणी. काळा दगड, टोकदार कमानी, भिंतींना बाहेरून दिलेले दगडी टेकू, सागवानी कैच्यांवरचं उतरतं कौलारू छप्पर, वर बेताचं घंटाघर. दारावरच्या गोल खिडकीत रंगीत काचा होत्या. एक फुटली होती, तिथे कोणीतरी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा ठोकून ठेवला होता. तो पाहून मी पहिल्यांदा चिडलो.

घंटा वाजवणारी आणि झाडलोट करणारी सुंदरबाई खराटा घेऊन पुढे आली.

"कोन गेलं जी भाऊ?"

"कोणी गेलं नाही बाई. चर्चचा फोटो काढायचाय."

"नुसत्या गिरज्याचा? मानसं कोनी नाई?"

"एकही नाही."

तिने खराटा खाली ठेवला. "मंग आमचा गिरजा मरून राहिला का जी?"

दगडाची इमारत मरत नसते, ही कला आहे, हा इतिहास आहे, असं मी पाच मिनिटं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जाऊन दारासमोरच्या पायरीवर मधोमध बसली. तिचं पाहून आणखी दोघी बसल्या. मंडळीतले जाणते टिकाराम कोपऱ्यात उभे होते, तेही टोपी नीट करून कमानीखाली आले.

"बाई, उठा तिथून."

"एकटं कसं ठेवाव त्याले? बसतो ना आमी बाजूले. तुमचं काय जाते?"

माझं ऊन जात होतं! आषाढातलं ऊन ते, ढगाआडून घटकाभर येणार आणि पुन्हा जाणार. मी हाकललं की सुंदरबाई उठायची, चर्चला वळसा घालून दुसऱ्या बाजूने येऊन बसायची. पोरं कमानीत लटकत होती. कोणीतरी बकरीही आणली. शेवटी माझा तोल गेला. "आत जा सगळे! दार लावून घ्या आणि मी सांगेपर्यंत बाहेर येऊ नका!" असा ओरडलो की टिकारामनी हात जोडले आणि सगळ्यांना आत नेलं. दार लागलं. आतून गाणं सुरू झालं, तेही बेसूर, पण कॅमेऱ्यात सूर उमटत नाही. ऊन पडलं, दगडांच्या कडा उठून आल्या, मी भराभर फोटो घेतले. इतकं नीट काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

मंगळवारी प्रिंट साहेबांपुढे ठेवले. कमानींकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"उत्तम. अगदी ओसाड दिसतंय," ते म्हणाले. "आता कोण म्हणेल वापरात आहे म्हणून? रस्ता सरळ करायचाय. पाडायच्या प्रस्तावाला हेच जोडतो."

मी प्रिंटमधलं ते बंद दार पाहत राहिलो. त्याच्या आत तेव्हा अख्खी मंडळी गात बसली होती, आणि त्यांना आत कोंडलं होतं मी. मला साहेबांचा राग आला, स्वतःचा आला, आणि सगळ्यात जास्त सुंदरबाईचा आला, कारण तिचंच खरं निघालं होतं.

"साहेब, कडेला डाग आलाय," म्हणून मी प्रिंट उचलले. "पुन्हा काढून देतो."

तसाच सायकलवर टांग मारून चर्च गाठलं, तर तिथे चिटपाखरू नाही! ऐन रोवण्याचे दिवस, सगळे तळ्याखालच्या बांध्यांमध्ये गुडघाभर चिखलात धान रोवत होते. मी बांधावर उभा राहून हाका मारू लागलो.

"चला सगळे! फोटो काढायचाय!"

टिकारामनी मानही वर केली नाही. "रोवणा सोडून कसं येऊ भाऊ? परहे खनून ठेवले आहेत, रोपं वाळून जातीन."

"परवा हाकलत होते, आज बलावता काहून?" सुंदरबाई म्हणाली.

मी सांगून टाकलं. साहेब काय म्हणाले, फोटो कशाला हवा होता, सगळं. टिकाराम हातातल्या रोपांच्या जुडीकडे पाहत होते. त्याच चर्चमध्ये त्यांचं लग्न लागलं होतं, त्यांच्या बापाचंही.

"मी म्हनलं होतं का नाई?" सुंदरबाई म्हणाली.

"म्हटलं होतं बाई, म्हटलं होतं! आता चला!"

तर बायांना लुगडी बदलायला घरी जायचं होतं! "चिखलाच्या पायानं गिरज्यासमोर कसं उभं राहाव?" वर ढग जमत होते आणि यांचं हे. मी अक्षरशः हात जोडले, तेव्हा कुठे जुड्या पाण्यात ठेवून तशाच निघाल्या. बांधाबांधाने रांग लागली. टिकारामनी दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली, सुंदरबाईने घंटा वाजवली, ती ऐकून वस्तीतले उरलेसुरलेही आले.

कॅमेरा लावून वर पाहिलं तर सगळे सवयीने खाली बसलेले. मधे दार, दोन्ही बाजूंना बाया, पुढ्यात पोरं, आणि चेहरे तसलेच.

"उठा!" मी खेकसलो. "बसायचं नाही! उभे राहा सगळे! मयत आहे का ही?"

उभे राहिले. माझे डोळे भरून आले होते, फोकस लागेना, म्हणून आणखी दोनदा ओरडून घेतलं.

बुधवारी सकाळी साहेबांनी नवा प्रिंट हातात घेतला. उघडं दार, आतले बाक, आणि बाहेर पायरीपासून फाटकापर्यंत चिखलाने माखलेली माणसं. त्यांचा चेहरा आंबट झाला.

"मी रिकामं चर्च मागितलं होतं."

"रिकामं नाही साहेब ते."

"मग पहिले फोटो द्या."

"निगेटिव्ह जाळल्या."

त्यांनी प्रिंट टेबलावर टाकला. "दुसरा फोटोग्राफर पाठवता येतो मला."

"पाठवा," मी म्हटलं. "तिथे सुंदरबाई नावाची बाई पायरीवर बसून आहे. कालपासून घरी गेलेली नाही. त्याला म्हणावं, आधी तिला उठवून दाखव."